बागेतल्या नेपाळी कुटुंबांसाठी काम सुरू करायचंय. अमेरिकेतल्या लॅटिनो संस्थांकडून काय उचलावं?

पावस_वाचनालय

नमस्कार मंडळी. आमची छोटी नोंदणीकृत संस्था आहे, रत्नागिरीजवळच्या पावसच्या अलीकडे. वाचनालय आणि मुलांची अभ्यासिका चालवतो. पंचक्रोशीतल्या आंब्याच्या बागांत दिवाळीनंतर नेपाळी कुटुंबं येतात. राखण, फवारणी, काढणी, पेट्या भरणं ही सगळी कामं करतात आणि मे अखेर परत जातात. मुलं दिवसभर कलमांखाली असतात, बाया सड्यावरच्या (कातळाच्या माळावरच्या) खोपीत. गावाशी संबंध किराणा दुकानापुरता.

अमेरिकेत मेक्सिको, ग्वातेमाला, होंडुरासहून आलेल्या कुटुंबांसाठी संस्था भाषावर्ग, आरोग्य, शाळाप्रवेश, कायदेशीर मदत अशी कामं वर्षानुवर्षं करत आहेत. त्यातलं आपल्याकडे काय लागू पडेल? आमचं भांडवल म्हणजे एक अर्धवेळ कार्यकर्ता आणि वाचनालयाची खोली. मराठीचा वर्ग काढून सुरुवात करावी असा विचार आहे. मुलांच्या शाळेचं आणि आधारचं नेमकं कसं करायचं हेही कळायला हवं. आणि गावाला यात कसं आणायचं? ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा.

---

मालवण_ते_कॅरोलिना

तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. उत्तर कॅरोलिनात लॅटिनो कुटुंबांसाठी जे काम चालतं ते जवळून माहीत आहे, त्यावरून लिहितो.

पहिली गोष्ट, वर्गाने सुरुवात करू नका. इथे इंग्रजीचे वर्ग सगळ्यात लवकर भरतात आणि सगळ्यात लवकर रिकामे होतात. कारणं ठरलेली आहेत. कामाची पाळी बदलते, संध्याकाळी लहान मुलांना कुठे ठेवायचं हा प्रश्न असतो, गाडी नसते. शिवाय पहिल्या दिवशी आलेला आणि सहाव्या आठवड्यात आलेला एकाच बाकावर बसले की दोघंही गळतात. जे वर्ग टिकतात त्यांत तीन गोष्टी असतात: मुलांसाठी शेजारच्या खोलीत सांभाळणारं माणूस, काहीतरी खायला, आणि प्रत्येक तास स्वतंत्र. म्हणजे आज दवाखान्यात काय बोलायचं, पुढच्या वेळी बस आणि बाजार, त्यानंतर शाळेत मुलाची रजा कशी सांगायची. मागचा तास चुकला तरी आजचा कळतो. तुमच्याकडे फवारणीच्या दिवसांत आणि मार्च ते मे काढणीत कोणी येणार नाही हे धरूनच चाला. नोव्हेंबर-डिसेंबर हाच खरा काळ.

मग सुरुवात कशाने? त्यांच्यातल्याच एका माणसाने. लॅटिनो वस्त्यांत आरोग्याचं सगळं काम प्रोमोतोरांवर उभं आहे. त्याच वस्तीतली, त्याच भाषेची बाई, जिला थोडं प्रशिक्षण आणि नियमित मानधन दिलेलं असतं. ती रक्तदाब मोजते, लसीचं कार्ड बघते, दवाखान्यात सोबत जाते. डॉक्टरपेक्षा तिच्यावर लोकांचा विश्वास जास्त बसतो. तुमच्याकडे काही नेपाळी जोडपी वर्षभर राहणारी असतील, बागेची कायम राखण करणारी. त्यांतली थोडं मराठी येणारी बाई शोधा आणि अर्धवेळ जागा तिलाच द्या. फुकट स्वयंसेवक म्हणून नव्हे. मानधन नसलं तर मोहोर आला की ती कामावर जाणार, आणि जायलाच हवं. एका व्यक्तीकडे वीस-पंचवीस खोप्यांपेक्षा जास्त देऊ नका. सड्यावर दोन बागांमधलं चालणंच खूप असतं.

दुसरं, 'लॅटिनो' म्हणजे एक गट धरून कुठलीच संस्था काम करत नाही. पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक आहेत, त्यांना कागदांची मदत लागतच नाही. ग्वातेमालाहून आलेल्या अनेकांची घरातली भाषा माम किंवा किचे असते, मेक्सिकोच्या वाहाका राज्यातल्यांची मिश्तेको. स्पॅनिश पत्रक त्यांच्या हाती देऊन उपयोग होत नाही. तुमच्याकडेही हेच होईल. आडनाव चौधरी असेल तर कुटुंब थारू असण्याची शक्यता बरीच, घरात थारू बोलत असतील. सुदूरपश्चिमेच्या डोंगरातले डोटेली बोलतात. पुरुषाला नेपाळी आणि हिंदी दोन्ही येतं, बाईला कदाचित नेपाळीही तोडकंच. त्यामुळे नोंद करताना प्रत्येकाला स्वतंत्र विचारा: घरात कुठली भाषा, वाचता कुठली येते. लिपी देवनागरीच असल्यामुळे फलक, औषधांच्या सूचना, शाळेची चिठ्ठी दोन रकान्यांत सहज छापता येते.

नागरिकत्वाचा भाग मात्र तुमच्या कामातून वगळा. इथे तो मोठा विभाग असतो, कारण कायम वास्तव्याच्या ५ वर्षांनी (जोडीदार नागरिक असेल तर ३) अर्ज करता येतो आणि नागरिकशास्त्राची तोंडी परीक्षा असते. २० ऑक्टोबर २०२५ पासूनच्या अर्जांना १२८ प्रश्नांच्या यादीतून २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. त्या तयारीचे वर्ग संस्था घेतात. भारत-नेपाळची गोष्ट निराळी. १९५० च्या मैत्री करारामुळे नेपाळी माणसाला भारतात राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. तो बेकायदा नाहीच. हे गावाला आणि कधी कधी कार्यालयांनाही स्पष्ट सांगावं लागेल.

आणि एक कळकळीची विनंती. जे लागणार नाही ते लिहून ठेवू नका. इथल्या जुन्या संस्था वास्तव्याचा दर्जा विचारत नाहीत, विचारावा लागलाच तर फाइलमध्ये ठेवत नाहीत. शाळा, दवाखाने, चर्च इथे कागद नसलेल्यांची धरपकड टाळायची हे सरकारी धोरण २० जानेवारी २०२५ ला मागे घेतलं गेलं, त्यानंतर ज्यांच्याकडे अनावश्यक याद्या होत्या त्यांना लोकांनी टाळायला सुरुवात केली. तुमच्याकडे परिस्थिती तशी नाही, तरी ओळखपत्रांच्या झेरॉक्सचा गठ्ठा वाचनालयाच्या कपाटात कशाला?

---

केंद्रशाळा_राजापूर

शाळेचं मी सांगतो. हे नीट समजून घ्या, कारण मुलं शाळेत गेली की बाकी अर्धं काम आपोआप होतं.

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये 'प्रत्येक बालक' असा शब्द आहे, 'भारतीय नागरिक' असा नाही. ६ ते १४ वयाच्या नेपाळी मुलाला प्रवेश द्यायलाच हवा. कलम १४ प्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात बसवायचं आणि मागे असेल तर विशेष प्रशिक्षण द्यायचं. आधीच्या शाळेचा दाखला मिळायला उशीर होणं (कलम ५) किंवा मूल वर्षाच्या मधे येणं (कलम १५) हे अडवण्याचं कारण नाही. (अमेरिकेतही १९८२ साली 'प्लायलर विरुद्ध डो' खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हेच ठरवलं: कागद नसलेल्या मुलाला सरकारी शाळा नाकारता येणार नाही.)

मग अडतं कुठे? मुख्याध्यापकांची अडचण खरी असते, ती समजून घेतली तर वाद होत नाही. संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना) आधार वैध असलेल्या मुलांचाच पट धरला जातो. त्यामुळे आधार नसलेली पाच मुलं घेतली तर काम वाढतं आणि शिक्षकसंख्येत त्याचा फायदा दिसत नाही. शिवाय मेमध्ये ती गेली की पुढच्या वर्षी गळतीच्या रकान्यात येतील ही भीती. यावर उपाय असा. प्रवेशाच्या दिवशीच स्थलांतरित म्हणून नोंद करा, जाताना शिक्षण हमी कार्ड द्या. मग मूल गळालं असं न धरता स्थलांतरित झालं असं धरतात. केंद्रप्रमुखांना आणि तालुक्याच्या बालरक्षक (शाळाबाह्य मुलांसाठी काम करणाऱ्या) शिक्षकांना आधी भेटा, मगच शाळेत जा. वीसच्या खाली पट असलेल्या शाळा आपल्या जिल्ह्यात कितीतरी आहेत, तिथल्या शिक्षकांना मुलं हवीच असतात.

जन्मतारखेचा घोळ सगळ्यात जास्त होतो. नेपाळची जन्मदर्ता (जन्मनोंदीचा दाखला) आणि नागरिकता (नागरिकत्वाचं प्रमाणपत्र) यांवरच्या तारखा विक्रम संवतात असतात. दाखल्यावर '२०७५ असार १०' दिसलं की लिपिक बुचकळ्यात पडतो, किंवा अंदाजे वर्ष टाकतो, आणि ते चुकीचं वर्ष पुढे सगळीकडे चिकटतं. ढोबळ हिशेब असा: वैशाखापासून पौषाच्या मध्यापर्यंतची तारीख असेल तर ५७ वजा करा, त्यानंतर चैत्र अखेरपर्यंत ५६. म्हणजे असार २०७५ हे २०१८, आणि माघ २०७५ हे २०१९. नेमका दिवस मोबाइलवरच्या नेपाळी पात्रोतून (कॅलेंडरातून) काढा. आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरातले महिने लावू नका. नेपाळचे महिने सौर आहेत, त्यांचा वैशाख एप्रिलच्या मध्याला सुरू होतो. आपले चांद्रमहिने त्याच्याशी जुळत नाहीत. दाखल्याच्या झेरॉक्सवर दोन्ही तारखा पेनने लिहून पालकाची सही घ्या.

अंतराचंही बघा. सड्यावरच्या बागेतून वाडीतली शाळा तीन-चार किलोमीटर असते. एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा नसेल तर वाहतूक भत्त्याची मागणी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे करता येते, पण नोव्हेंबरात आलेल्या मुलांची नावं वेगळं पत्र देऊन घालून घ्यावी लागतात. तोवर एखादा रिक्षावाला ठरवणं हा संस्थेचा सगळ्यात उपयोगी खर्च. पुस्तकं शाळेत शिल्लक असतात, पोषण आहार त्याच दिवसापासून मिळतो.

अभ्यासिकेत या मुलांचा वेगळा वर्ग काढू नका. गावातल्या मुलांबरोबर बसवा. लिपी ओळखीची असल्यामुळे तिसरी-चौथीतली मुलं मराठी वाचायला लवकर लागतात. अडतं ते बोलण्यात, आणि बोलणं खेळातच येतं.

---

सेतू_आणि_बँक

आधारचं थोडक्यात, कारण यात चुकीच्या सल्ल्याने लोक गोत्यात येतात.

नेपाळी नागरिकाला आधार मिळतो, पण अर्जाआधीच्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात वास्तव्य हवं. सलग असायला हवं असं नाही. कुटुंब १५ नोव्हेंबरला आलं तर १५ मे रोजी १८२ दिवस भरतात, म्हणजे पहिल्या हंगामात जायच्या पंधरा दिवस आधी. मागच्या हंगामाचे दिवस त्या १२ महिन्यांत बसत असतील तर तेही धरा. ओळखीसाठी नेपाळी पासपोर्ट. तो नसेल तर नागरिकता प्रमाणपत्र आणि सोबत दिल्लीच्या नेपाळी दूतावासाचं मर्यादित मुदतीचं फोटो ओळखपत्र. परदेशी रहिवाशांचा अर्ज वेगळा असतो आणि आधारची मुदत १० वर्षं असते. हा अर्ज सगळ्या केंद्रांवर घेतात असं नाही, म्हणून माणसांना घेऊन जाण्यापूर्वी विचारून घ्या. एका दिवसाची मजुरी बुडते.

'दोन हजारात भारतीय म्हणून आधार काढून देतो' म्हणणारे एजंट बागांपर्यंत पोचलेले असतात. तसं आधार पकडलं गेलं की रद्द होतं आणि गुन्हा कामगारावर दाखल होतो, एजंट निघून जातो. अमेरिकेत लॅटिनो लोकांना कागदांच्या नावाखाली लुबाडणाऱ्यांविरुद्ध संस्थांना मोठ्या मोहिमा चालवाव्या लागतात, तोच प्रकार. दुकानाबाहेर नेपाळीत फलक लावा: आधार नोंदणी फुकट आहे, पैसे देऊ नका.

पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची भारत-नेपाळ रेमिटन्स सोय आहे. खात्यातून एका वेळी २ लाखांपर्यंत, खातं नसेल तर रोखीने ५०,००० पर्यंत आणि वर्षातून १२ वेळा. भारताचा १ रुपया म्हणजे नेपाळचे १.६० हा दर १९९३ पासून पक्का आहे, त्यामुळे कोणी वेगळा भाव सांगितला तर तो कापून घेतोय हे कळायला सोपं.

चिरेखाणीवरची कर्नाटकातली कुटुंबं तुमच्या भागात असतील तर त्यांची यादी वेगळी ठेवा. ते भारतीय असल्यामुळे त्यांच्या गावच्या शिधापत्रिकेवर इथल्या रास्त भाव दुकानातून धान्य मिळतं, ई-श्रम नोंदणी होते. नेपाळी कुटुंबांना यातलं काही लागू नाही. दोघांना एकाच शिबिरात बोलावून एकच भाषण केलं की निम्मे लोक नाराज होऊन परत जातात.

---

मिरकरवाडा_बंदर

कॅरोलिनावाल्या दादांच्या 'कागद गोळा करू नका' या मुद्द्याला बंदरापुरता अपवाद. इथे मासेमारी होड्यांवर नेपाळी खलाशी असतात, आणि होडीवर कागद लागतोच. सागरी पोलीस, तटरक्षक दल कुठेही तपासतात, आणि खलाशाची ओळख पटली नाही तर होडी, तांडेल (होडीचा प्रमुख), मालक सगळे अडकतात. बागेतही पोलीस ठाण्यात कामगारांची नोंद देणं बागायतदाराचं काम आहे. ती नोंद मालकाने करावी, संस्थेने करू नये. संस्था पोलिसांसाठी याद्या करते असा समज झाला की खोपीचं दार उघडणार नाही. एवढं धरलं तर दादांचं बरोबर आहे.

खलाशांचं वेळापत्रक बागेपेक्षा निराळं असतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा ते गावी. ऑगस्टपासून मे अखेर इथे. एकटे पुरुष, मुक्काम होडीवर. त्यांना शाळा-अंगणवाडी नको. त्यांना हवं असतं ते मूळ नागरिकता सुरक्षित ठेवायला कोरडी जागा, फोन चार्जिंग, घरी पैसे, आणि अपघात झाला तर घरच्यांना कळवणारं कोणीतरी. म्हणून नोंदीत एक रकाना अवश्य ठेवा: नेपाळातली पालिका, वडा (प्रभाग) नंबर आणि घरच्या माणसाचा फोन. जुन्या नागरिकतेवर 'गाविस' चं (गाव विकास समितीचं) नाव असतं, ती रचना २०१७ ला संपली, आता ७५३ स्थानिक पालिका आहेत. जुन्या नावावर शोधत बसलं तर ऐन वेळी घर सापडत नाही. आत्ताची पालिका विचारून लिहा.

मालकाने विमा काढला असेल तर पॉलिसीत खलाशांची नावं आहेत का ते पाहा, आणि नाव नागरिकतेवर आहे तसंच्या तसं लिहिलंय का. होडीवर सगळ्यांना बहादूर म्हणतात. तेच नाव कागदावर गेलं की दावा अडतो.

---

पावस_वाचनालय

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः तारखांचं आणि १८२ दिवसांचं. दोन शंका उरल्यात. काही बागायतदारांना वाटतं, संस्था आली की कामगार पगारावरून बोलायला लागतील. त्यांना कसं समजवायचं? आणि दवाखान्याचं कोणी सांगेल का? ताप आला तरी लोक दुकानातली गोळी घेऊन राहतात.

---

उपकेंद्र_ताई

दवाखान्याचं सांगते. तपासणी, बाळंतपण, लस, क्षयाचं औषध यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात नागरिकत्व विचारत नाहीत. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, औषध, नेआण मोफत आहे. ज्या योजनांत पैसे खात्यावर येतात तिथे आधार आणि खातं अडतं. तेवढ्यासाठी तपासणी थांबवू नका. अंगणवाडीत पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर आईच्या आधारने नोंद होते आणि घरपोच आहाराला चेहऱ्याची ओळख लागते, म्हणून सेविका आधी नाही म्हणेल. तिच्यावर चिडू नका, पर्यवेक्षिकेला लेखी यादी द्या. गरम आहारासाठी मुलाला अंगणवाडीत आणून बसवलं की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

लसीचं नेपाळी कार्ड टाकून देऊ नका. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस) दोन्ही देशांत ६, १०, १४ आठवड्यांना आहे, वेळापत्रक बरंच जुळतं. कार्डावरच्या तारखा संवतातल्या असतात, वरच्या गुरुजींच्या हिशेबाने बदलून आमच्या कार्डावर घ्यायच्या. नाहीतर एकच डोस दोनदा किंवा मधला डोस राहतो. बाळ इथे जन्मलं तर २१ दिवसांत जन्मनोंद करून घ्या. तो नागरिकत्वाचा दाखला नाही, पण नेपाळात परत गेल्यावर नाव नोंदवायला तोच कागद लागतो.

क्षयाचं औषध किमान सहा महिने चालतं आणि हंगामही तेवढाच. जानेवारीत निदान झालं तर मेमध्ये औषध अर्धवट राहतं. जाण्याच्या किमान दोन आठवडे आधी आम्हाला सांगा, म्हणजे बदलीपत्र, अहवालाची प्रत आणि प्रवासापुरत्या गोळ्या देता येतात. जायच्या दिवशी सकाळी सांगितलं तर काही होत नाही.

आता बागेतलं. पहिल्या आठवड्यातच फुरसं ओळखायला शिकवा. नेपाळच्या डोंगरातून आलेल्याला हा साप माहीत नसतो. हातभर लांबीचा, मातकट, चिऱ्याच्या फटीत आणि पाचोळ्यात बसतो, सड्यावर भरपूर. चावलं तर कापायचं नाही, दोरी आवळायची नाही, अवयव हलवायचा नाही, १०८ ला फोन आणि थेट प्रतिविष असलेल्या दवाखान्यात. दुखणं कमी आहे म्हणून रात्रभर थांबतात तिथे घात होतो. या विषाने रक्त गोठायचं थांबतं, ते बाहेरून लगेच दिसत नाही. रात्री राखण करणाऱ्याला बॅटरी आणि घोट्याच्या वर येणारे बूट मालकाने द्यायलाच हवेत. विंचवालाही घरगुती उपाय नको. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे प्राझोसिन या गोळीचा उपयोग आता सगळीकडे माहीत आहे, वेळेत आलं तर माणूस वाचतो. फवारणीचे रिकामे डबे पाणी भरायला वापरतात, ते भोकं पाडून निकामी करा. फवारल्यावर आंघोळ आणि कपडे वेगळे धुणं, हे बायकांनाही सांगा, कारण कपडे त्या धुतात.

आणि मुलाला दुभाषा करू नका. दहा वर्षांच्या मुलीला आईच्या पाळीबद्दल विचारायला लावणं बरं नव्हे, आणि उत्तरही खरं मिळत नाही.

---

मालवण_ते_कॅरोलिना

ताईंच्या शेवटच्या मुद्द्याला जोड: अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांना लहान मुलाकडून दुभाष्याचं काम करून घ्यायला तातडीचा प्रसंग सोडून मनाई आहे. दवाखान्यालाच दुभाषा द्यावा लागतो, फोनवरून का होईना. तुमची ती मानधनावरची बाई दर आठवड्याला ओपीडीच्या एका ठरलेल्या दिवशी केंद्रात बसू दे. बाकीच्या दिवशी फोनवर. ओपीडीचा दिवस पक्का असला की बागेतून लोक त्या दिवशी येतात.

बागायतदारांबद्दल. फ्लोरिडात इमोकली इथे टोमॅटो तोडणाऱ्या कामगारांची संघटना १९९३ पासून आहे. त्यांच्या कार्यक्रमात कामगारच कामगारांना हक्कांची माहिती देतात, मळ्यात, कामाच्या पगारी वेळेत, मालकाच्या संमतीने. मालक तयार का होतात? कारण टोमॅटोचे मोठे खरेदीदार पौंडामागे एक सेंट जादा देतात आणि नियम पाळणाऱ्या मळ्याकडूनच घेतात. तुम्हाला एवढी ताकद लागणार नाही, पण तत्त्व घेता येईल. देवगड-रत्नागिरीचा बागायतदार पुढच्या वर्षीही तीच माणसं यावीत म्हणून धडपडतो. त्याला हेच सांगा: ज्या बागेतलं मूल शाळेत जातं, आजारपणात दवाखाना मिळतो, तिथलं कुटुंब परत येतं. पहिलं अर्ध्या तासाचं सुरक्षासत्र फुरसं आणि फवारणीवर ठेवा. त्याला कुठलाच मालक नाही म्हणत नाही.

पगाराचा विषय टाळू नका, पण कागदावर आणा. इथे हंगामी शेतकामाच्या एच-टू-ए व्हिसावर कामगाराला समजेल अशा भाषेत अटी लेखी द्याव्या लागतात. अर्धा करार पुरा झाला की येण्याचं भाडं, पूर्ण झाला की परतीचं. तुम्ही एका पानाचा ठराव मराठी-नेपाळी दोन रकान्यांत छापा: हंगामाची रक्कम, उचल किती दिली, धान्य कोणाचं, भाडं कोणाचं, हिशेब कुठल्या तारखेला. दोघांच्या सह्या, दोघांकडे प्रत. उचलीची नोंद दर वेळी त्याच कागदाच्या मागे. मेमध्ये जे वाद होतात ते बहुतेक उचल किती झाली यावरूनच. त्यातूनही पैसे बुडाले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळतो, १५१०० हा क्रमांक लक्षात ठेवा.

गावाबद्दल: इथे २००९ पासून 'वेलकमिंग अमेरिका' नावाची संस्था आलेल्यांपेक्षा आधीपासून राहणाऱ्यांबरोबर जास्त काम करते. शेजाऱ्याला भीती कशाची वाटते ते आधी ऐकून घ्यायचं, मग दोघांनी मिळून करायचं काहीतरी काम काढायचं. तुमच्याकडे २ ऑक्टोबरची ग्रामसभा माणसं येण्याच्या आधी येते. तिथे पाण्याचा आणि अंगणवाडीचा ठराव मांडा. 'मदत' हा शब्द न वापरता, शाळेचा पट आणि बागांची राखण हे गावाचे प्रश्न म्हणूनच मांडा. बैठकीत कोणी चोरीचा विषय काढला तर उडवून लावू नका. मालकाने पोलीस नोंद दिली की त्या शंकेला उत्तर मिळतं.

---

केंद्रशाळा_राजापूर

एक राहिलं होतं. नेपाळचं शैक्षणिक वर्ष वैशाखात, एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. म्हणजे मे अखेर परतलेलं मूल तिथे दीड महिना उशिरा वर्गात जातं, आणि आपला निकालही हाती नसला तर तिथले शिक्षक त्याला मागच्याच वर्गात बसवतात. म्हणून मुख्याध्यापकांना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच विनंती करा की या मुलांचं मूल्यमापन आधी करून प्रगतिपत्रक १ मेच्या कार्यक्रमात पालकांच्या हातात द्या. त्यावर इयत्ता अक्षरांत, जन्मतारीख इसवी सन आणि संवत दोन्ही, शाळेचा यूडायस क्रमांक आणि मुख्याध्यापकांचा फोन. एक प्रत प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून द्या, दुसरी शाळेत ठेवा. तेच कुटुंब नोव्हेंबरात दुसऱ्या बागेत आलं तर नव्या शाळेला फोनवर खात्री करून घेता येते.